कावसजीचे नाक

मराठीचे वाक्प्रचार शिकवताना ‘नाक’ या शब्दापाशी आलो की तास लांबतो, असा आम्हा दोघांचाही अनुभव आहे. नाक मुरडले जाते, नाक घासावे लागते, नाक वर करून चालता येते, एखाद्याच्या नाकावर टिच्चून काही करता येते. नाकापेक्षा मोती जड होतो आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. मोल्सवर्थच्या कोशात या एका शब्दाखाली वाक्प्रचारांची रांगच लागते. डोळा हा ज्ञानाचा अवयव, हात कर्तृत्वाचा. नाक मात्र आपल्या भाषेने अब्रूकडे सोपवले आहे. गेल्या वर्षी अशाच एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “पण खरोखर नाक कापलेल्या माणसाचे पुढे काय होत असे?” वर्ग हसला. आम्हाला मात्र हा प्रश्न सुटेना. ‘नाक कापणे’ हा वाक्प्रचार कापण्याच्या क्षणाशी थांबतो. ज्याचे कापले तो माणूस दुसऱ्या दिवशी उठतो, पाणी पितो, रस्त्यावर येतो. त्याच्याविषयी भाषा काही सांगत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे, आणि ते पुण्याच्या परिसरातच घडलेले आहे. चेहऱ्यावरच्या प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ज्या एका रुग्णाचे नाव हमखास येते, तो मराठी मुलखातला एक गाडीवान होता. त्याची हकिगत आम्ही येथे मांडत आहोत. या शस्त्रक्रियेकडे बहुतेक सर्व लेखक वैद्याच्या बाजूने पाहतात. आम्हाला ती रुग्णाच्या बाजूने वाचून पाहायची आहे.

*

लंडनहून निघणाऱ्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात बी. एल. या आद्याक्षरांनी एक पत्र छापून आले. सोबत एका माणसाच्या चेहऱ्याचे चित्र होते. पत्रातली माहिती थोडक्यात अशी : कावसजी हा जातीने कुणबी असलेला मराठा. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापून टाकला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले. सुमारे १२ महिने तो नाकावाचून राहिला आणि मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. चित्र जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर १० महिन्यांनी काढलेले होते.

या तारखांचा हिशेब मांडला तर शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली असे दिसते. तिसरे म्हैसूर युद्ध मार्च १७९२ मध्ये तहाने संपले. या युद्धात पेशवे, निजाम आणि इंग्रज एका बाजूला होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा तिकडे गेल्या होत्या. मराठी मुलखातला एक कुणबी इंग्रजांच्या तळावर बैल हाकत होता, यात नवल काहीच नाही. त्या काळचे लष्कर बैलांवर चाले; दाणागोटा, दारूगोळा, तंबू सारे बैलांच्या पाठीवर. लढाई करणाऱ्या शिपायाइतकाच बैल हाकणारा मोलाचा, आणि म्हणूनच शत्रूच्या दृष्टीने तोही शिक्षेस पात्र.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. नाक कापण्याची शिक्षा ही कोणा एका राजाची वा एका धर्माची मिरास नव्हती. नेपाळात पृथ्वीनारायण शहाने कीर्तिपूर जिंकले, तेव्हा १७६० च्या दशकात तिथल्या रहिवाशांची नाके कापवली होती. रामकथेत शूर्पणखेचे नाक कापले जाते आणि लोकपरंपरा त्या घटनेशी आपल्या नाशिकचे नावच जोडते. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानातील डॉक्टरांच्या नोंदींत तर युद्धापेक्षा घरातच नाक गमावलेल्या, संशयी नवऱ्यांनी विद्रूप केलेल्या स्त्रिया वारंवार भेटतात. राजा असो की नवरा, सत्ता ज्याच्या हाती त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर आपला निवाडा लिहून ठेवायचा असतो. जीव घेतला तर निवाडा विसरला जाईल. नाक कापले की तो माणूस जिथे जाईल तिथे निवाडा आपल्या तोंडावर घेऊन हिंडतो. कोणीही वाचावा असा तो लेख असतो आणि ज्याच्यावर तो लिहिला आहे त्याला तो झाकता येत नाही.

कावसजीचे ते १२ महिने कसे गेले असतील याविषयी पत्रात एक ओळही नाही. परंतु १२ महिन्यांनी तो त्या वैद्यापर्यंत पोहोचला, एवढे मात्र कळते. हात परत मिळणार नव्हता. नाक मिळण्याची शक्यता होती.

*

आता ती शस्त्रक्रिया. पत्रलेखकाने तिचे वर्णन पायरीपायरीने केले आहे आणि मुंबईकडील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती प्रत्यक्ष पाहिल्याची ग्वाही दिली आहे.

प्रथम मेणाची एक पातळ पापडी नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून तिला सुबक नाकाचा आकार दिला जाई. मग ती पापडी सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेच्या आतले कपाळाचे कातडे वैद्य सोडवून घेई. मात्र दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तो तशीच जोडलेली ठेवी. सारे मर्म या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून सुटलेले कातडे मरत नाही. नंतर नाकाच्या बुंध्यावरची जुनी, भरून आलेली कड तासून ताजी करायची, तिच्यालगत दोन्ही नाकपुड्यांभोवती आणि वरच्या ओठापर्यंत एक चीर घ्यायची आणि कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणून त्या चिरेत बसवायचे. जोड पक्का राहावा म्हणून कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि तशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. हा कात म्हणजे आपल्या पानाच्या तबकातलाच कात. त्याच्या तुरटपणाने कातडे आवळून धरले जाते. चार दिवस दुसरी मलमपट्टी नाही. मग तुपात भिजवलेली कापडे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापायची आणि नाकाला शेवटचा घाट द्यायचा.

हे सारे वैद्याच्या बाजूने झाले. आता तेच पत्र उलट्या बाजूने वाचू. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे पडून राहावे लागे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या जात. भूल नव्हती, इथरची भूल जगाला माहीत झाली ती १८४६ साली. म्हणजे कपाळ सोलले जात असताना माणूस जागा असे आणि त्याच्या डोळ्यांसमोरूनच ते कातडे खाली येई. पुढचे जवळजवळ साडेतीन आठवडे दोन डोळ्यांच्या मधोमध कातड्याचा पिळलेला पूल घेऊन त्याला जगायचे होते. जोवर तो पूल कापलेला नाही तोवर नव्या नाकाला होणारा स्पर्श कपाळाला झाल्यासारखा वाटतो, असे अशा शस्त्रक्रियांच्या बाबतीत पुढील काळात नोंदले गेले आहे. नाकावर माशी बसावी आणि हात कपाळाकडे जावा. शरीराला आपले नवे नाक ओळखायला वेळ लागतो.

नवे नाक पक्के बसते, जवळजवळ मूळच्या नाकासारखे दिसते आणि कपाळावरचा व्रणही काही काळाने फारसा जाणवत नाही, असा पत्रलेखकाचा निर्वाळा आहे. हा निर्वाळा पाहणाऱ्याचा आहे. पाणी पिताना, शिंकताना, थंडीत श्वास घेताना ते नाक कावसजीला कसे वाटे, आपल्या गावात परतल्यावर लोकांनी त्याला कसे पाहिले, हे कोणी विचारले नाही. विचारले असेल तर लिहिले नाही.

*

या प्रकरणातली नावे पाहण्यासारखी आहेत. चित्रकाराचे नाव जेम्स वेल्स. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुण्यात इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने दरबारातही वावरला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची आपल्या ओळखीची चित्रे त्याच्याच हातची. ज्या हाताने पेशव्याचा चेहरा रंगवला त्याच हाताने एका बैल हाकणाऱ्याचाही चेहरा रंगवला. मराठी इतिहासात सामान्य माणसाच्या वाट्याला असे क्वचितच येते. अर्थात पेशव्याचे चित्र काढले गेले ते तो पेशवा होता म्हणून. कावसजीचे काढले गेले ते त्याचे नाक पाहण्यासारखे होते म्हणून.

डॉक्टरांची नावे आहेत. रुग्णाचे नाव आहे, पण तेही आम्हाला खटकते. कावसजी हे नाव पारशी घरात शोभणारे. कुणब्याच्या घरात ते बसत नाही. एखादे मराठी नाव इंग्रज कानावर पडून त्याचे हे रूप झाले असावे, असा आमचा तर्क आहे. आणि ज्याने हे नाक घडवले त्याचे तर नावच नाही. तो केवळ ‘विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस’. आपल्या व्यवहारात विटा पाडतो तो कुंभार. मेणाची पापडी नाकाच्या घाटावर वळवणारे ते हात मातीला आकार देण्यात मुरलेले होते, असे समजायला हरकत नाही.

योगायोग असा की, या विद्येचे पाश्चात्त्य नावही त्याच क्रियेवरून पडले. १८१८ साली बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याने ‘ऱ्हायनोप्लास्टिक’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला ‘प्लास्टिक’ हा शब्द मूळ ग्रीक. माती वा मेण घडवणे, वळवणे हा त्याचा अर्थ. आपण बादल्या आणि पिशव्यांसाठी वापरतो ते प्लास्टिक फार नंतरचे. आपल्या परिभाषाकारांनी ‘सुघटन’ हा शब्द योजला, तोही घडवण्याचाच. शब्दाच्या मुळाशी कुंभार उभा आहे आणि इतिहासाच्या पानावर त्याचे नाव नाही.

येथे सुश्रुताचा विषय निघणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात फाटलेले कान जोडण्याच्या १५ पद्धती आणि पुढे नाकाची पुनर्रचना सांगितली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाचे कातडे एका बाजूने जोडलेले ठेवून सोडवावे, नाकावर बसवावे, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, वर औषधी चूर्णे टाकावीत, कापूस ठेवून तिळाचे तेल शिंपडत राहावे, असा तो विधी. कातड्याचा जिवंत दुवा कायम ठेवायचा, हे मूळ तत्त्व त्यात स्पष्ट आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे.

परंतु या अभिमानात एक गल्लत नेहमी होते. संहितेत कातडे गालाचे आहे. पुण्याजवळच्या कुंभाराने ते कपाळाचे घेतले. गालावर मोठा व्रण राहण्यापेक्षा कपाळावर राहिलेला बरा. शिवाय कपाळाला रक्तपुरवठा भरपूर आणि तिथले कातडे नाकाच्या कातड्याशी अधिक मिळतेजुळते. ही सुधारणा कोणी, केव्हा केली ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. पोथी सांभाळणाऱ्या वैद्यांनी सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे शस्त्र हळूहळू खाली ठेवले आणि ते ज्यांच्या हातात राहिले ते कारागीर पोथी वाचणारे नव्हते, असे वैद्यकाचे इतिहासकार सामान्यतः मानतात. संहितेची मुद्रित आवृत्ती मधुसूदन गुप्तांनी कलकत्त्याला काढली ती १८३५-३६ साली. तेव्हा युरोप हे तंत्र शिकून बसला होता. युरोपला ही विद्या सुश्रुताच्या श्लोकांनी दिली नाही. ती त्या निनावी कुंभाराच्या हातांनी दिली. आपण संहितेचे नाव घेतो, कारण तिला नाव आहे. साहित्याच्या अभ्यासकांना ही गोष्ट नवी वाटू नये. लिखित परंपरा आणि हातातोंडाची परंपरा यांच्यातला हा जुनाच अन्याय आहे.

*

लंडनमध्ये ते पत्र ज्यांनी मनावर घेतले त्यांत जोसेफ कार्प्यू हा शल्यविशारद होता. अनेक वर्षे तो मृतदेहांवर या शस्त्रक्रियेचा सराव करीत राहिला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. त्या अधिकाऱ्याचे नाक यकृताच्या विकारावर घेतलेल्या पाऱ्याच्या औषधाने झडले होते. हे कारण कार्प्यूने मुद्दाम नोंदवले, त्याला अर्थ आहे. युरोपात नाक झडणे म्हणजे उपदंश, आणि उपदंश म्हणजे बदफैली, असे समीकरण पक्के होते. नाक नसलेल्या माणसाकडे पाहणारा त्याच्या चारित्र्याविषयी मनात निकाल देऊन मोकळा होई. येथे नाक कापत नव्हते, ते झडत होते. पण चेहऱ्यावर निवाडा वाचण्याची रीत तीच.

कार्प्यूचा दुसरा रुग्ण कॅप्टन लॅथम. स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत, १८११ साली, आपल्या पलटणीचे निशाण वाचवताना तलवारीच्या वारांनी त्याचा एक हात गेला आणि गाल व नाकाचा भाग छाटला गेला. कावसजीप्रमाणेच नाक आणि हात. दोघेही एकाच साम्राज्याच्या चाकरीत. लॅथमला पलटणीने पदक दिले, इंग्लंडच्या युवराजाने त्याच्या शस्त्रक्रियेत लक्ष घातले आणि तो वीर म्हणून इतिहासात राहिला. कावसजीला निवृत्तिवेतन मिळाले आणि तो नमुना म्हणून इतिहासात राहिला. १८१६ साली कार्प्यूने या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले आणि कपाळाच्या कातड्याची ही रीत युरोपभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली. देशाचे नाव मिळाले. माणसाचे मिळाले नाही.

इकडे हिंदुस्थानातही ही विद्या खंडित झाली नव्हती. जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ साली नाकाच्या पुनर्रचनेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या मुलखात दरोडेखोर नाके कापत आणि हे डॉक्टर ती पुन्हा बसवत.

*

रुग्णाला या शस्त्रक्रियेतून काय हवे असते? या प्रश्नाला सर्वांत प्रांजळ उत्तर आमच्या मते १५९७ साली इटलीत बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी याने दिले. तो दंडाचे कातडे नाकाला जोडी आणि त्यासाठी रुग्णाचा हात आठवडेच्या आठवडे डोक्याशी बांधून ठेवी. आपल्या ग्रंथात त्याने म्हटले त्याचा आशय असा की, निसर्गाने दिलेले आणि दैवाने हिरावलेले आपण परत करतो ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सुख व्हावे म्हणून तितकेसे नव्हे, तर दुखावलेल्याच्या मनाला उभारी यावी म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो आणि बर्लिनमध्ये जाक योझेफ यांनी धडधाकट नाकांनाही नवा घाट देण्यास सुरुवात केली आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया जन्माला आली. योझेफ स्वतः ज्यू होता. त्याच्याकडे येणाऱ्या अनेकांना सुंदर दिसण्यापेक्षा आपण ज्यू आहोत हे नाकावरून ओळखले जाऊ नये, असे वाटत होते. म्हणजे येथेही मागणी होती ती चेहऱ्यावरचा निवाडा पुसण्याचीच.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न हजारोंचा केला. खंदकातून डोके वर काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर तोफेचा तुकडा बसे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमधल्या सिडकप येथे १९१७ साली सुरू झालेल्या रुग्णालयात पाच हजारांवर सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवले. शस्त्रक्रिया ११ हजारांच्या वर झाल्या. एका चेहऱ्यासाठी अनेक वेळा टेबलावर जावे लागे. अशा रुग्णांच्या वॉर्डात आरसे लावू देत नसत आणि सिडकपच्या रस्त्यावर काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती, असे सांगतात. निळ्या बाकावर बसलेला माणूस पाहून दचकू नये, एवढी सूचना गावकऱ्यांना त्या रंगातून मिळे. सूचना माणुसकीची होती, पण तिच्यातच त्या सैनिकांचे दुःखही होते. त्यांना असे कोणतेही बाक हवे होते, ज्यावर बसले तरी कोणी वळून पाहणार नाही.

याच गिलीज यांच्या हाताखाली शिकून डॉ. नोशिर अंतिया १९५० च्या दशकात भारतात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. कावसजीच्या पुण्यापासून निघालेली विद्या लंडनमार्गे पुण्याला परत आली. कुष्ठरोगात नाकाच्या आतला पडदा आणि कूर्चा झिजून नाक मधोमध बसते, भुवया झडतात. रोग औषधाने बरा होतो, पण बसलेले नाक रोगाची साक्ष देत राहते. बरे झालेल्या माणसाला घर दार उघडत नाही, कारण घर डॉक्टरांचा कागद वाचत नाही, चेहरा वाचते. अंतियांनी अशा रुग्णांची नाके, भुवया, हात दुरुस्त केले. कुष्ठरोग्याला नवे नाक देणे ही चैन नव्हे, उपचाराचा शेवटचा टप्पा आहे, ही त्यांची भूमिका होती. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर आम्हाला सापडले नाही.

*

कपाळाच्या कातड्याची ही शस्त्रक्रिया इतिहासजमा झालेली नाही. कर्करोगाने नाकाचा मोठा भाग काढावा लागला तर आजही शल्यविशारद प्रामुख्याने तिचाच आधार घेतात. मेणाच्या पापडीऐवजी पातळ पत्र्याचा वा कागदाचा साचा असतो. बारीक धमनी नेमकी कोठून जाते हे आता ठाऊक असल्याने दुवा अधिक अरुंद ठेवता येतो. आतून अस्तर आणि कानाच्या किंवा बरगडीच्या कूर्चेचा आधार दिला जातो. कावसजीच्या नाकाला तो नव्हता आणि असे निराधार कातडे काळानुसार आक्रसत जाते. दुवा कापण्याची वेळ मात्र आजही साधारण तीन आठवड्यांनीच येते. २०० हून अधिक वर्षांत शरीराने आपला वेग बदललेला नाही.

रुग्णाने काय अपेक्षावे, याचे उत्तरही फारसे बदललेले नाही. नाक एका दिवसात मिळत नाही. दोन-तीन टप्पे लागतात. मधले आठवडे आरशासमोर उभे राहणे जड जाते. सूज पूर्ण उतरायला आणि व्रण फिका व्हायला वर्षाच्या आसपास काळ जातो. व्रण फिका होतो, नाहीसा होत नाही. आणि पूर्वीचा चेहरा परत येत नाही. येतो तो आणखी एक चेहरा, ज्याच्याशी ओळख करून घ्यावी लागते. चांगला डॉक्टर चाकू हाती घेण्याआधी हे सारे सांगतो आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे, असेही विचारतो. हा दुसरा प्रश्न १७९४ च्या पत्रात नव्हता.

तो विचारण्याची गरज आजही आहे. नाकार दिल्याचा राग म्हणून मुलीच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकणारा माणूस तेच करीत असतो जे नाक कापणारा नवरा वा राजा करीत होता. या गुन्ह्यासाठी आपल्या कायद्यात स्वतंत्र कलम आले ते २०१३ साली. अशा मुलींवर वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया होतात. त्यांना ‘पूर्वीसारखी सुंदर’ होण्याचे आश्वासन देणे क्रूरपणाचे आहे. शस्त्रक्रियेने डोळा मिटता यावा, ओठ हलावेत, श्वास घेता यावा आणि बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहू नये. यातल्या पहिल्या तीन गोष्टी डॉक्टरच्या हातात आहेत. चौथी आपल्या.

शेवटी पुन्हा वाक्प्रचाराकडे येतो. आपल्या लोकसमजुतीनुसार सटवी बाळाच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते. भाळी लिहिलेले टळत नाही, असे आपण म्हणतो. आणि नाक ही अब्रू. पुण्याजवळच्या त्या कुंभाराने कावसजीच्या भाळीचे कातडे उतरवले आणि त्याचे नाक केले. वेल्सच्या चित्रात कपाळावरचा व्रण लपवलेला नाही. ज्याने नाक कापले त्याने एक लेख लिहिला होता. कुंभाराने तो पूर्ण पुसला नाही, तसे कोणालाच करता येत नाही. त्याने त्यावर दुसरा लेख लिहिला. पुढच्या वर्षी ‘नाक कापणे’ शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवणार आहोत. एक हात नसलेल्या, नाव धड ठाऊक नसलेल्या त्या गाडीवानाकडे त्यांनी नाक पाहण्यासाठी नव्हे, तर माणूस पाहण्यासाठी पाहावे, एवढीच आमची इच्छा आहे.